शाळेत पोलीस आले, आता माझ्या मुलाचं काय होईल?

मूल वर्गात फार दंगा करतं म्हणून शाळेने पोलिसांना बोलावलं, आता त्याच्या नावावर केस होणार का? पालक हे फार घाबरून विचारतात. शिक्षकांचा प्रश्न वेगळा असतो: एकदा खाकीचा धाक बसला तर ताळ्यावर येईल ना? दोघांनाही मी वेंकटेशबद्दल सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वेंकटेश सोलापूरच्या पूर्व भागातला, आठ वर्षांचा, तिसरीत. वडील यंत्रमागावर रातपाळी करतात, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी. वर्गात तो बाक ढकलायचा, पाण्याची बाटली फेकायचा, आवरायला गेलं की चावायचा. एकदा बाटली एका मुलाच्या कपाळाला लागली. त्याचे पालक भांडायला आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी ओळखीच्या हवालदारांना बोलावून घेतलं. त्यांनी गणवेशातच, भर वर्गात वेंकटेशला उभं केलं आणि दम भरला, "परत असं केलंस तर रिमांड होममध्ये टाकीन."

त्यानंतर तो आठवडाभर गप्प होता. शाळेला वाटलं, मात्रा लागू पडली.

घरी मात्र अंथरूण ओलं व्हायला लागलं. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. अक्कलकोटला जायला आई त्याला एसटी स्टँडवर घेऊन गेली, तर दारात खाकीतला कंडक्टर बघून हा चढेचना. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून ओरडत राहिला, शेवटी गाडी सोडून द्यावी लागली. मग आई माझ्याकडे आली. हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "मॅडम, पोराच्या नावावर केस पडली का ओ? पुढं नोकरीला नडंल का?"

नाही पडली. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य आपल्या कायद्यात गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे बघावं लागतं. शिवाय 2015च्या बाल न्याय कायद्याखालचे 2016चे आदर्श नियम सांगतात की, अतिगंभीर गुन्हा किंवा मोठ्यांसोबत मिळून केलेला गुन्हा सोडला, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची. मुलाशी बोलताना पोलिसांनी साध्या कपड्यांत असावं, त्याला कोठडीत ठेवू नये, हेही ठरलेलं आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात त्यासाठी बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो. म्हणजे वर्गात जे घडलं, ते खुद्द पोलिसांच्याच नियमांत बसत नव्हतं. आईला हे सगळं दोनदा समजावलं, तेव्हा कुठे ती खुर्चीत नीट बसली.

मग मी शाळेत गेले. बाई तरुण होत्या, अगदी रडकुंडीला आलेल्या. पन्नासेक मुलांचा वर्ग, त्यात एक चावणारा. त्यांचा त्रास खरा होता आणि ज्या मुलाला लागलं त्याची भीतीही खरी होती. त्यांना मी एक साधी वही ठेवायला सांगितली. दंगा कधी झाला, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं आणि नंतर कोणी काय केलं, एवढंच लिहायचं. थोड्याच दिवसांत वही बोलायला लागली. जवळजवळ प्रत्येक प्रसंग प्रकट वाचनाच्या तासाला होता. त्याची वाचायची पाळी दोन-तीन मुलांवर आली की हा काहीतरी फेकायचा, बाई त्याला वर्गाबाहेर काढायच्या, आणि वाचन टळायचं. वेंकटेशला जोडाक्षरं वाचताच येत नव्हती. सगळ्यांसमोर हसं होण्यापेक्षा वाईट मुलगा ठरणं त्याला सोपं वाटत होतं.

हे कुठल्या हवालदाराला कळणार होतं?

बाईंनी प्रकट वाचनातून त्याला काही काळ सूट दिली. सुट्टीत दहा मिनिटं, फक्त दोघं, आणि तो बरोबर वाचेल अशाच दोन ओळी. राग आला की फळ्याशेजारचं लाल कार्ड उचलायचं आणि नळावर जाऊन यायचं, कोणी कारण विचारायचं नाही. कानाची आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला सिव्हिलला पाठवलं. वडिलांनी दिवसाची झोप मोडून एकदा शाळेत यावं, हे जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पोलीस शाळेत नकोतच असं मी म्हणत नाही. हत्यार, नशेचे पदार्थ, मुलांना वापरून घेणारा मोठा माणूस, लैंगिक अत्याचाराचा संशय, इथे पोलिसांना कळवायलाच हवं. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. म्हणूनच मला ‘पोलीस पकडून नेईल’ या धाकाची खरी चीड येते. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत आईचा हात सुटला, तर खाकीला घाबरणारं पोर मदत मागायला जाणार कोणाकडे?

वेंकटेश आता चौथीत आहे. वाचन अजून अडखळतं. मध्यंतरी त्याने जिन्यावर एकाला ढकललं. बाईंनी दोन्ही आयांना बोलावून मुलांना समोरासमोर बसवलं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत असं घडलं असेल, तर आधी शाळेकडून झालेला प्रकार लेखी मागा. पोलीस ठाण्यात बोलावलं तर मुलासोबत स्वतः जा आणि बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यालाच भेटायचंय म्हणून सांगा. मूल पहिली ते आठवीत असेल, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. अडचण आली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि घरी त्याला विचारताना "का मारलंस?" याच्याआधी "त्या वेळी वर्गात काय चाललं होतं?" असं विचारा.