मनगटावरचं स्पिटफायर

स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाची आठवण करून देणारं हे चावीचं मनगटी घड्याळ घेतलंस ते बरं केलंस, डायल सुरेखच आहे! सुरुवातीला एवढंच सांभाळ.

चावी रोज सकाळी दे आणि घट्ट लागली की थांब. "अजून दोन आटे" म्हणत मी एकदा जोर केला आणि इंदूरच्या राजवाड्याजवळच्या घड्याळ-कारागिराची बोलणी खाल्ली.

- रात्री ९ ते पहाटे ३ तारीख बदलू नकोस. आतल्या चाकांचे दाते तुटू शकतात.
- स्पीकरजवळ ठेवू नकोस. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटली की घड्याळ पुढे पळतं.

दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक म्हणजे बिघाड नव्हे.

मोठ्या डायलचा मोह मात्र आवर. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांतल्या लोकांची मनगटी घड्याळं ५५ मिलिमीटरची होती खरी, पण ती जाकिटाच्या बाहीवरून बांधत!

आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला जाताना, घड्याळ घरीच ठेव बाबा.