कोडिंग येत नाही, तर टचडिझायनर शिकून इंटरॅक्टिव्ह ग्राफिक्स करता येतील का? की आधी पायथन शिकू?

येतील. टचडिझायनरमध्ये चित्रं चालवायला कोड लिहावा लागत नाही, पडद्यावर डबे (नोड) ठेवून ते वायरींनी जोडायचे. 'आधी पायथन शीक' हा सल्ला तुम्हाला मित्रांनी दिलाय असं तुम्ही लिहिलंय. असा एक सल्लागार आमच्या घरातच आहे, म्हणून हे उत्तर.

माझा मोठा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी कॉमर्सची, नाटकांची प्रकाशयोजना करता करता प्रोजेक्शनकडे वळले. त्याचं पहिल्यापासून एकच म्हणणं: डबे वायरीने जोडणं म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे.

माझी मामेबहीण कथक करते. पुण्यातल्या तिच्या एका कार्यक्रमात घुंगरांच्या आवाजावर मागच्या पडद्यावरची चित्रं हलायला हवी होती. तयार व्हिडिओ चालणार नव्हता, कारण लय किती वाढवायची ते ती आणि तबल्याचे काका ऐनवेळी ठरवतात. स्टेजच्या कडेला जमिनीलगत माइक ठेवला. पहिली अडचण डग्ग्याची. त्याचा घुमारा आला की अख्खा पडदा उसळायचा आणि त्यात घुंगरू हरवायचे. मग ऑडिओ फिल्टर हाय-पासवर ठेवून ४००० हर्ट्झच्या खालचे जाड आवाज कापले. उरलेल्या आवाजाचा जोर ॲनालाइझ चॉपने (चॉप म्हणजे आवाज आणि आकडे हाताळणारे नोड) एका आकड्यात आणला. हा आकडा इतका थरथरतो की चित्र लुकलुकत राहतं, म्हणून पुढे लॅग चॉप. त्यात चढायचा वेळ आणि उतरायचा वेळ वेगवेगळा देता येतो. चढ जवळपास शून्य ठेवला, उतार लांब. पाय पडला की रंग झटकन उमटतो आणि सावकाश विरतो. मग मॅथ चॉपने आकडा हव्या त्या पट्ट्यात बसवून नॉइज टॉपला दिला (टॉप म्हणजे चित्र हाताळणारे नोड). त्यामागे फीडबॅक टॉपचा फेरा, म्हणजे आधीची फ्रेम थोडी थोडी विझत मागे रेंगाळते.

तालमीत काका म्हणाले, "ताई, समेवर तुमचा पडदा मागे राहतोय." त्यांचा कान बरोबर होता. ऑडिओ डिव्हाइस इन, म्हणजे माइकचा आवाज आत घेणारा नोड, त्याचा बफर (आवाज साठवून ठेवायचा वेळ) कमी केला. प्रोजेक्टर तिरका लावून कीस्टोनने चित्र सरळ केलेलं होतं, त्यातही वेळ जात होता. तो समोर सरळ लावला, कीस्टोन बंद, चित्र कमी उशिराने दाखवणारा गेम मोड चालू. सम जुळली. पायथन येणाऱ्यालाही हे पुस्तकातून कळत नाही.

भाऊ तिथेच बसला होता. "हेच मी नीट लिहून दिलं असतं," म्हणाला. तेवढ्यात बहिणीने नाचता नाचताच सांगितलं की तिहाईच्या शेवटच्या धाला रंग जास्त पसरू दे. मी लॅगचा उतार वाढवला. पडदा थांबला नाही, तबला थांबला नाही. प्रोग्रॅम चालू असतानाच बदलतो आणि प्रत्येक नोडमध्ये त्या क्षणी काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. कलाकारासोबत काम करायचं तर मला याहून मोठा गुण दिसत नाही.

आणि हे कालपरवाचं खेळणं नाही. आकृती काढून प्रोग्रॅम लिहिण्यावर बर्ट सदरलंड यांनी १९६६ मध्ये एमआयटीत पीएचडी केली. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हे असंच डबे जोडायचं सॉफ्टवेअर घडवलं, पुढे प्युअर डेटा. टचडिझायनर हे टोरंटोच्या डेरिव्हेटिव्ह कंपनीचं, सिनेमाच्या इफेक्ट्ससाठी वापरतात त्या हौडिनी सॉफ्टवेअरच्या वंशातलं. कुठला डेटा कुठून कुठे जाणार, वाटेत त्याचं काय होणार, हे ठरवणं प्रोग्रॅमिंग नसेल तर प्रोग्रॅमिंग कशाला म्हणायचं?

शिकताना चॉपपासून सुरुवात करा. सगळे टॉपच्या झगमगाटाने सुरुवात करतात, ट्यूटोरियलची हुबेहूब नक्कल करतात आणि माउसऐवजी माइक जोडायची वेळ आली की अडतात. नक्कल झाली की एकेक वायर काढून बघा, काय बिघडतं ते.

हो, फुकटच्या आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० च्या वर जात नाही आणि पैसे घेऊन केलेल्या कामाला ती चालत नाही. ग्राफिक्स कार्ड बरं लागतं. लिनक्सवर टचडिझायनर नाहीच, तिथे प्युअर डेटा आणि त्याला ग्राफिक्सची जोड देणारं जेम घ्या, दोन्ही मोफत आहेत. पायथनही पुढे लागतं, शंभर नोड एकदम बदलायचे असले की हाताने होत नाही. पण तेव्हा कशासाठी शिकतोय ते माहीत असतं, म्हणून पटकन येतं.

किती महिने लागतील, हे तुम्ही रोज बसता की रविवारी, यावर आहे.

भावाचं म्हणणं अजून बदललेलं नाही. माझंही नाही: पुढच्या तालमीला ये, काकांचा तबला चालू असताना लिहून दाखव.