महाधमनीच्या ऑपरेशननंतर वडिलांना अजून ऑक्सिजन का लागतो आणि त्याची सवय लागते का?

तुमच्या वडिलांची फाटलेली महाधमनी बदलून पाच दिवस झाले, घशातली नळी तिसऱ्या दिवशी निघाली, तरी नाकाला जाड नळी आहे, मशीनवर 50 आणि 60 असे आकडे दिसतात आणि बोटावर 95 दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. मी कोल्हापुरात हृदयशस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न मला दाराबाहेर, बहुधा पांढऱ्या रश्श्याचा डबा हातात धरून उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून नेहमी ऐकू येतो.

त्यातला 50 म्हणजे मिनिटाला 50 लिटर वाहणारी हवा आणि 60 म्हणजे त्या हवेतले ऑक्सिजनचे टक्के. खोलीतल्या हवेत ते 21 असतात. धाप लागलेला माणूस मिनिटाला तीस-चाळीस लिटरच्या वेगाने हवा ओढतो, त्यामुळे साध्या नळीच्या पाच-सहा लिटरमध्ये बाहेरची हवा मिसळून ऑक्सिजन पातळ होतो. वडिलांना लावलेले हे मशीन, म्हणजे हाय फ्लो मशीन, हवा 37 अंशांपर्यंत गरम आणि दमट करून देते, म्हणून इतका जोराचा झोत नाकाला सोसतो आणि बेडकाही सुकत नाही.

मात्र बोटावरच्या 95 वर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांवर, विसंबू नका. साध्या हवेवरचे 95 आणि 60 टक्क्यांवरचे 95 यांत पुष्कळ अंतर आहे. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब समजा 90 आला, तर त्याला 0.6 ने भागायचे. उत्तर येते 150. निरोगी माणसात ते 400 च्या वर असते, 300 च्या खाली आले की फुफ्फुसाचे काम कमी पडते आहे असे धरतात. हा भागाकार रोज विचारा. तो चढतो आहे की उतरतो आहे, यातच तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीन, शरीर थंड करून काही वेळ थांबवलेले रक्ताभिसरण आणि भरपूर रक्त चढवणे यांमुळे फुफ्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी झिरपते. शिवाय छातीच्या दुखण्याने श्वास उथळ राहतो आणि फुफ्फुसांचे खालचे भाग मिटतात. यावरून फुफ्फुस कायमचे गेले असे समजू नये.

ऑक्सिजनची सवय लागत नाही. तरीही जास्त ऑक्सिजन निरुपद्रवी नाही, कारण तो रक्तात पटकन शोषला जाऊन आधीच अर्धवट मिटलेले वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, आणखी मिटतात; म्हणून बोटावर साधारण 94 ते 98 पुरेसे मानून मशीनवरचे टक्के हळूहळू उतरवतात. काही जुन्या फुफ्फुसविकारांत 88 ते 92 वरच थांबतात.

मिटलेला भाग उघडायचे काम मात्र ऑक्सिजनचे नाही, वडिलांचे आहे. माझ्याकडे तालमीत वाढलेले एक आजोबा होते, ते श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रातले तिन्ही चेंडू श्वास आत ओढून एका हिसक्यात वर उडवत आणि आमच्याकडे बघून हसत. त्यांना एकच चेंडू वर नेऊन तीन आकडे मोजेपर्यंत धरायला लावले, तेव्हा घाम फुटला. जागे असताना दर तासाला असे दहा श्वास, वेदनाशामक औषधाचा असर असताना व्यायाम, आणि छातीवर घडी केलेला टॉवेल दाबून खोकणे, एवढे वडिलांकडून करवून घ्या. श्वास मिनिटाला 30 च्या वर गेले किंवा ते उगाच गुंगीत वाटले, तर बोटावर कितीही आकडा असो, नर्सला लगेच सांगा.