29व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाची फुफ्फुसं पुढे कमजोरच राहतात का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा 29व्या आठवड्यात जन्मला, आता सहा वर्षांचा होईल, सर्दी झाली की छाती घरघरते. डॉक्टर बालदमा म्हणतात, सासूबाई म्हणतात मोठा झाला की जाईल. माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. पण माझी मुलगी 28व्या आठवड्यातली, आता कॉलेजला जाते, आणि या विषयावर मी डॉक्टरांचं भरपूर डोकं खाल्लंय.

आधी सासूबाईंचं. श्वासातला ऑक्सिजन रक्तात जातो तो वायुकोशांतून, आणि ते बहुतांशी जन्मानंतरच्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. म्हणून पहिली दोन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या मारणारी मुलं शाळेत जाईपर्यंत पुष्कळ सावरतात. पण ‘जातं’ म्हणजे त्रास कमी होतो. फुंकण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, यातल्या बऱ्याच मुलांचे आकडे बरोबरीच्या मुलांपेक्षा कमीच येतात. पोटातले आणि बाहेरचे मिळून 36 आठवडे भरले तरी ज्यांचा ऑक्सिजन सुटला नव्हता, त्यांचे तर आणखीच कमी. त्या दुखण्याला बीपीडी म्हणतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ही अक्षरं आहेत का, आजच बघा. फुफ्फुसांची ताकद विशीच्या आसपास सर्वांत जास्त असते, पुढे सगळ्यांचीच उतरत जाते. आपल्या मुलांचं मुद्दलच थोडं कमी, एवढं धरून चालायचं.

आता दमा. अकाली जन्मलेल्या मुलांची घरघर दर वेळी ॲलर्जीच्या दम्यासारखी नसते. श्वासाच्या वाटाच अरुंद असू शकतात, त्यामुळे स्टिरॉइडचा पंप प्रत्येकाला सारखाच लागू पडतो असं नाही. आपल्या मनाने मात्र तो बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, श्वासाची वाट लगेच मोकळी करणारा पंप (हा स्टिरॉइडचा नव्हे) देण्याआधी आणि दिल्यानंतर फुंकून बघता येईल का? या वयात बरीच मुलं ते करू शकतात. आमची पहिल्या वेळी गाल फुगवून बसली, अर्धी हवा नळीच्या कडेनेच निसटली. मग तिथल्या दादाने स्क्रीनवर मेणबत्त्या लावून दिल्या आणि “ओठ घट्ट, अजून, अजून, अजून” असा गजर केला, तेव्हा कुठे आलेख नीट आला.

घरात धूर नको. डासांची कॉइल, धूप, गॅलरीतली सिगरेट, काहीच नाही. धुपावरून आमच्याकडे बरंच वाजलं. देव काही रागावल्याचं दिसलं नाही. फ्लूची लस दर वर्षी, पावसाळ्याआधी. खेळ मात्र बंद करू नका, पळू द्या. सारखी धाप लागत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ते कार्ड जपा, फोनमध्ये फोटोही ठेवा. किती आठवडे, व्हेंटिलेटर किती दिवस, ऑक्सिजन किती दिवस, हे मोठ्यांचे डॉक्टर सहसा विचारत नाहीत. मुलाने पुढे स्वतःहून सांगावं लागेल. भूल द्यायची वेळ आली तर आधी नक्की सांगायचं.

श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलता किंवा खाता येत नसेल, तर इथे उत्तरं वाचत बसू नका. रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.