जुनं कर्ज आधी ओळख

अगं, अमेरिकेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करणाऱ्यांचं शैक्षणिक कर्ज १२० हप्त्यांनंतर माफ करणारी पीएसएलएफ योजना आहे ना, तिच्यासाठी कर्जं एकत्र करायचा अर्ज भरण्याआधी स्टुडंटएड या सरकारी संकेतस्थळावरच्या खात्यात एकेका कर्जाचं नाव बघ. ‘डायरेक्ट’ (थेट सरकारनं दिलेलं) लिहिलंय त्याला हात लावू नकोस. २०१० साली बंद झालेल्या एफएफईएल योजनेतली (सरकारी हमीवर बँकांनी दिलेली) कर्जं मात्र डायरेक्ट कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित कर्जात, घाल, त्याशिवाय ती पीएसएलएफच्या माफीत बसतच नाहीत. हौसेनं सगळीच एकत्र केलीस तर भरलेल्या हप्त्यांची कर्जाच्या रकमेनुसार भारित सरासरी निघते: १०,००० डॉलरच्या डायरेक्ट कर्जावर ६० हप्ते आणि ३०,००० च्या डायरेक्ट कर्जावर शून्य, तर हाती उरतात १५. गाठायचेत १२०! पर्किन्स (कॉलेजमार्फत मिळालेलं जुनं सरकारी कर्ज) असेल तर जरा थांब. शिक्षकांना त्यात वेगळी माफी असते, ती एकत्रीकरणात जाते. खासगी बँकेच्या कमी व्याजाला तर भुलूच नकोस, तिथे माफीचा हक्कच संपतो. अर्ज फुकट आहे. पैसे मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून दे.