भूकंपातून ‘प्रेरणा’ मिळते का?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांच्यावरच्या लेखात त्यांनी ‘या कथांमागची प्रेरणा म्हणजे १९९५चा कोबेचा भूकंप’ असं वाक्य लिहिलं आणि तपासणाऱ्याने ‘प्रेरणा’वर फुली मारली. शब्द चुकला का? चुकला असेल तर दुसरा कोणता? आणि अशा लेखनाला ‘आपदा-कादंबरी’ म्हणावं का?

व्युत्पत्ती पाहिली तर काहीच चुकलेलं नाही. प्र + ईर्, म्हणजे पुढे ढकलणं, चालना देणं. त्यात शुभ-अशुभ काही नाही. आपण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो (बसणे–बसवणे), त्याला हिंदी व्याकरणात ‘प्रेरणार्थक क्रिया’ म्हणतात. तिथे हा कोरडा अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत मात्र हा शब्द फार काळ सत्कार-समारंभांत वावरला. प्रेरणास्थान, प्रेरणास्रोत, प्रेरणादायी चरित्र! आता तो ऐकला की हार घातलेली तसबीरच डोळ्यांसमोर येते. ‘किल्लारीच्या भूकंपाने मला प्रेरणा दिली’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ज्यांच्या अंगावर घरं कोसळली, त्यांच्यापुढे ते तोंडातून निघणार नाही. तेव्हा फुली मारणाऱ्याचा कान तयार आहे.

‘स्फूर्ती’ तर त्याहून नको. खरं तर स्फुर् म्हणजे थरथरणं, म्हणजे भूकंपाशी धातूचं नातं अगदी जवळचं! पण ती थरथर आज कोणाला जाणवत नाही, स्फूर्तिगीतच ऐकू येतं.

अडचण अशी की इंग्रजीत ‘इन्स्पिरेशन’ या एका शब्दाखाली चार वेगळी नाती खपून जातात. मराठीत नातं बघून शब्द निवडावा लागतो.

डॅनियल डेफोने लंडनच्या १६६५च्या प्लेगवर १७२२ साली कादंबरी लिहिली. प्लेग आला तेव्हा तो चार-पाच वर्षांचा पोर होता. मग सत्तावन्न वर्षांनी का लिहावंसं वाटलं? १७२०मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात प्लेग उसळला आणि इंग्लंडमध्ये धास्ती पसरली. इथे मार्सेयचा प्लेग हे ‘निमित्त’.

जपानी लेखक साक्यो कोमात्सु यांच्या १९७३च्या कादंबरीत अख्खा जपान समुद्रात बुडतो. पण त्यांना लिहायचं होतं ते जमीनच उरली नाही तर जपानी माणसाचं काय होईल, याबद्दल. आधी प्रश्न आला, देश बुडवला तो त्यासाठी. अशा प्रश्नाला मी ‘कथाबीज’ म्हणेन.

अमिताव घोष यांचं उदाहरण सगळ्यात मजेशीर. १७ मार्च १९७८ रोजी, विद्यार्थी असताना, ते दिल्लीत टोर्नेडोच्या, म्हणजे भोवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या वादळाच्या, तडाख्यात सापडले. पुढे कादंबऱ्या लिहिताना त्या अनुभवाकडे ते पुन्हापुन्हा वळले, पण तो कशातच बसेना. असलं वादळ कथेत आणलं तर वाचकाला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल, ही पंचाईत त्यांनीच पुढे एका पुस्तकात मांडली. याला प्रेरणा कशी म्हणणार? ते वादळ त्यांच्या मनात ‘घर करून राहिलं’ म्हणावं. इथे नाम शोधत बसू नये, क्रियापदावर भागतं.

आता मुराकामी. ते कोबेच्या परिसरात वाढले. १७ जानेवारी १९९५च्या त्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गेली. पण त्यांच्या ‘आफ्टर द क्वेक’ या संग्रहातल्या सहा कथांपैकी एकही कोबेत घडत नाही. एका कथेत नायकाची बायको पाच दिवस टीव्हीसमोर बसून भूकंपाच्या बातम्या बघते आणि मग नवऱ्याला सोडून निघून जाते. धक्का एकीकडे, तडा भलतीकडे. यासाठी मराठीत ‘पडसाद’ हा नेमका शब्द आहे: ‘कोबेच्या भूकंपाचे पडसाद या कथांत उमटले आहेत.’ मुलाखतीतला प्रश्न असेल तर ‘हे का लिहावंसं वाटलं?’ एवढं साधं विचारलं तरी पुरे.

‘आपदा’बद्दल थोडक्यात. शब्द परका नाही, पण आपल्याकडे रुळलाय तो ‘आपत्ती’. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे बहुतेक वेळा हरकत, म्हणून त्यांना ‘आपदा’ लागतो. आपल्याला ती सोय करायचं कारण नाही. ‘आपत्तिकथा’ चालेल. ‘प्रलयकथा’ मात्र कोमात्सुंसारख्यांसाठी राखून ठेवावा, कारण प्रलय म्हणजे सगळ्याचाच लय, आणि कोबे तर पुन्हा उभं राहिलं.