सगळे विश्वासणारे समान आहेत असं बायबलमध्ये नक्की कुठे लिहिलंय?

सगळ्यात स्पष्ट गलतीकरांस पत्र ३:२८ मध्ये लिहिलंय, पौल (सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रेषित, हे पत्र त्याचंच) म्हणतो की यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद आता उरला नाही, ख्रिस्तामध्ये तुम्ही सगळे एकच आहात. पण नुसती ही ओवी वाचून थांबू नका, त्याच पत्राचा दुसरा अध्याय (११ ते १४) नक्की वाचा, कारण खरा मुद्दा जेवणाच्या पंगतीचा आहे. अंत्युखिया शहरात पेत्र (येशूचा प्रमुख शिष्य, स्वतः यहूदी) आधी सुंता न झालेल्या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून सुंतेचा आग्रह धरणारे काही यहूदी लोक आले आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसायला लागला, त्याचं बघून पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा तसंच करायला लागला, तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. म्हणजे ताट वेगळं केलं की सुवार्तेलाच (येशूच्या शुभसंदेशालाच) धक्का लागतो असं पौल मानत होता, आणि मला हे फार मोठं वाटतं. १ करिंथकर ११ मध्येही तेच, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत घेतल्या जाणाऱ्या भोजनाला) एकत्र येऊन काहीजण पोटभर खातात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून तो चिडलाय.

फक्त एक लक्षात घ्या, यावरून पौलाने गुलामगिरी बंद करा अशी मागणी केली असं म्हणता येत नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तो त्याच्या अनेसिम नावाच्या दासाला दास म्हणून नाही तर प्रिय बंधू म्हणून परत घे एवढंच सांगतो, आणि स्त्रियांच्या सेवापदाबद्दल तर चर्चेसमध्ये आजही मतभेद आहेत, कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया धर्मगुरू होऊ शकत नाहीत.